कातकामाच्या हत्याराची मूठ : कौशल्य, सुरक्षितता आणि विकास

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



हस्तकलेच्या क्षेत्राचा अभ्यास करताना भौगोलिक निर्देशांक, पतपुरवठा, बाजारपेठ आणि निर्यात या चार विषयांची चर्चा नेहमी होते. कारागिराच्या हातात दिवसभर जे हत्यार असते, त्याची चर्चा क्वचितच होते. आणि त्या हत्याराच्या मुठीची चर्चा तर जवळजवळ होतच नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ही मूठच आहे. लाकूड यंत्रावर फिरवून त्याला गोल आकार देण्याच्या कामाला मराठीत कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. गुजरात व उत्तर भारतात त्यालाच खरादी हे नाव आहे. या कातकामात फिरणारे लाकूड आणि कारागिराचा देह यांच्यामध्ये जे काही असते, ते म्हणजे हत्याराचे पोलादी पाते आणि त्यामागची लाकडी मूठ. मूठ योग्य असेल तर काम सफाईदार होते आणि हात शाबूत राहतो. मूठ आखूड, भेगाळलेली किंवा सैल असेल तर त्याची किंमत कारागिराला हातानेच मोजावी लागते. म्हणून मूठ कशी करावी व कशी बसवावी हा प्रश्न कारागिरीइतकाच विकासनीतीचाही आहे.

कातकामाची भारतीय परंपरा

देशात कातकामाची अनेक केंद्रे आहेत. कर्नाटकात बेंगळुरू–म्हैसूर मार्गावरील चन्नपट्टण, आंध्र प्रदेशात वराह नदीकाठचे एटिकोप्पाका, गुजरातेत सागवानी कातीव फर्निचरसाठी ओळखले जाणारे संखेडा, उत्तर प्रदेशात वाराणसी आणि महाराष्ट्रात सावंतवाडी ही त्यांपैकी ठळक नावे होत. यांतील चन्नपट्टणची खेळणी, संखेड्याचे फर्निचर आणि वाराणसीची लाकडी लाखकामाची खेळणी यांना १९९९ च्या भौगोलिक निर्देशांक अधिनियमाखाली संरक्षण मिळाले आहे. एटिकोप्पाकाच्या खेळण्यांना ते २०१७ साली मिळाले. नैसर्गिक रंगांच्या आधारे एटिकोप्पाकाची कला पुन्हा उभी करणारे सी. व्ही. राजू यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने सन्मानित करण्यात आले.

चन्नपट्टण व एटिकोप्पाका या दोन्ही ठिकाणी वापरले जाणारे लाकूड एकाच झाडाचे आहे. कन्नडमध्ये त्याला आले मर, तेलुगूत अंकुडु आणि मराठीत काळा कुडा म्हणतात. हे लाकूड पांढरे, बारीक पोताचे आणि कातायला मऊ असते. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर बसते. नंतर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. ग्राहकाला दिसते ती ही चकाकी. तिच्या आधीचे सर्व काम मात्र पोलादी हत्याराने झालेले असते.

या हत्यारांचे प्रकार थोडेच आहेत. ओबडधोबड लाकडाला गोल आकार देणारी आणि खोलगट भाग कोरणारी पन्हळीच्या आकाराची गोल पटाशी, पृष्ठभाग गुळगुळीत करणारी तिरकस धारेची पटाशी, तयार वस्तू कापून वेगळी करणारी अरुंद पटाशी आणि खरवडण्याचे जाड पाते, एवढ्या संचावर बहुतेक काम होते. प्रत्येक हत्याराचे तीन भाग असतात : पुढचे धारेचे पाते, पात्याच्या मागे निमुळता होत गेलेला व मुठीत शिरणारा भाग, ज्याला येथे सोयीसाठी शेपूट म्हटले आहे, आणि लाकडी मूठ. मुठीच्या तोंडाशी धातूचे कडे असते.

विजेने काय बदलले

पारंपरिक भारतीय पद्धतीत कारागीर जमिनीवर बसून काम करीत असे. लाकडाभोवती दोरीचा वेढा देऊन कमान पुढे-मागे ओढली की लाकूड आळीपाळीने दोन्ही दिशांना फिरे. एका हाताने कमान, दुसऱ्या हाताने हत्यार आणि पायाच्या बोटांनी हत्याराला आधार, अशी ही रचना होती. कापणी एकाच दिशेच्या फेऱ्यात होई. वेग कमी असे आणि हत्यार लाकडात अडकले तरी कमान थांबे. कारण शक्तीचा उगम कारागिराच्या स्वतःच्या दंडात होता.

विजेच्या मोटरीने हे समीकरण बदलले. मोटर कारागिरासाठी थांबत नाही. मिनिटाला १,४०० फेरे घेणाऱ्या यंत्रावर १० सेंटिमीटर व्यासाचे लाकूड लावले तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ७.३ मीटर वेगाने धारेसमोरून सरकतो. म्हणजे ताशी २६ किलोमीटर. या वेगात धार चुकीच्या कोनात लागली तर लाकूड तिला पकडते, पाते खाली ओढले जाते आणि मूठ तितक्याच झटक्याने वर उसळते. तो झटका सोसण्याचे काम मुठीचे आहे. मोटर बसविल्याने उत्पादन वाढते हे खरे. परंतु कमानीवरच्या संथ कामासाठी पुरेशी असलेली आखूड मूठ मोटरीच्या यंत्रावर पुरत नाही. यंत्राचे आधुनिकीकरण झाले आणि मूठ जुनीच राहिली, तर वाढलेल्या उत्पादनाबरोबर धोकाही वाढतो.

तरफेचे गणित

मुठीची लांबी ही आवडीनिवडीची बाब नाही. ती तरफेच्या नियमाने ठरते. काम करताना हत्यार यंत्राच्या टेकूवर टेकलेले असते. टेकू हा टेकणबिंदू, धारेवर येणारा दाब हा भार आणि मुठीच्या मागच्या टोकाशी असलेला हात ही शक्ती.

समजा, धार टेकूच्या पुढे २ सेंटिमीटर आली आहे आणि हात टेकूच्या मागे ४० सेंटिमीटरवर आहे. धारेवर १०० न्यूटन इतका दाब आला तर तो तोलण्यासाठी हाताला केवळ ५ न्यूटन बल लावावे लागते. आता तेच हत्यार ५ सेंटिमीटर पुढे सरकवले. धार टेकूपासून ७ आणि हात ३५ सेंटिमीटरवर आला. लागणारे बल २० न्यूटन, म्हणजे चौपट झाले. हेच काम निम्म्या लांबीच्या हत्याराने केले, म्हणजे धार ७ सेंटिमीटर पुढे आणि हात जेमतेम १४ सेंटिमीटर मागे असला, तर हाताला ५० न्यूटन बल लावावे लागेल. हे साधारण पाच किलो वजन तोलण्याइतके आहे, आणि तेही अचानक, एका झटक्यात.

या साध्या गणितातून दोन नियम निघतात. पहिला, टेकू कामाच्या शक्य तितका जवळ ठेवावा आणि तो सरकवताना यंत्र बंद करावे. दुसरा, धार टेकूच्या जितकी पुढे जाणार असेल तितकी मूठ लांब असावी. लहान नाजूक कामाच्या हत्याराला २० ते २५ सेंटिमीटरची मूठ पुरते. लांबट दांडे कातण्याच्या पटाशीला २५ ते ३० सेंटिमीटर लागते. वाडग्यासारखी खोल वस्तू कोरायची असेल तर ४० ते ४५ सेंटिमीटर आणि त्याहून खोल कामासाठी त्यापेक्षाही लांब मूठ घ्यावी लागते. जमिनीवर बसून काम करणाऱ्याची लांब मूठ मांडीला अडते. म्हणून यंत्र उंचीवर बसविणे आणि मूठ लांब करणे हे दोन बदल बरोबरच व्हावे लागतात.

लाकडाची निवड

खेळण्याला जे लाकूड उत्तम, ते मुठीला उत्तम असतेच असे नाही. काळ्या कुड्याचे मऊ लाकूड कातायला सोपे, पण झटके सोसण्यासाठी चिवट व लवचीक लाकूड हवे. भारतात यासाठी बाभूळ, धावडा, धामण आणि शिसवी ही लाकडे परंपरेने वापरली गेली आहेत. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा किंवा धामणीचा करावा हे ग्रामीण भागात सर्वश्रुत आहे. बाभूळ तर बांधावर सहज मिळते आणि शेतीच्या अवजारांत तिचा वापर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लाकडी मुठींसाठी भारतीय मानकही उपलब्ध आहे. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरणाने शेताच्या बांधावरील झाडांना जे महत्त्व दिले, त्याचा एक छोटा लाभ हाही आहे की मुठीचे लाकूड गावातच तयार होऊ शकते.

झाडाच्या नावापेक्षा तुकड्याची निवड महत्त्वाची असते. लाकडाच्या रेषा मुठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. रेषा तिरकी असेल तर झटका बसताच मूठ त्या तिरकसपणावर चिरते. गाठ असलेला तुकडा टाळावा. खोडाच्या अगदी मध्यावरचा मऊ गर मुठीत येऊ देऊ नये, कारण वाळताना भेग तेथूनच सुरू होते.

लाकूड वाळलेले असणे ही सर्वांत महत्त्वाची अट होय. ओल्या लाकडाचे आकुंचन सर्व दिशांना सारखे होत नाही. लांबीत ते नगण्य असते, तर वाढीच्या वलयांच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. २५ मिलिमीटर जाडीची मान २० टक्के ओलाव्याच्या लाकडात कातली आणि नंतर ते १० टक्क्यांपर्यंत वाळले, तर मान अर्ध्या मिलिमीटरहून अधिक आकसू शकते. पावसाळ्यात घट्ट बसविलेले कडे उन्हाळ्यात हाताने निघते त्याचे कारण हेच. कोकणासारख्या दमट प्रदेशातून कोरड्या पठारावर नेलेल्या हत्याराच्या बाबतीतही तेच घडते. त्यामुळे मुठीसाठी लाकूड चिरून, सावलीत हवेशीर रचून, पुरेसे महिने वाळू द्यावे.

भोक, कडे आणि शेपूट

मूठ करण्याच्या कृतीत क्रमाला मोठे महत्त्व आहे. नवशिका कारागीर आधी मूठ सुबक कातून घेतो आणि शेवटी तिला भोक पाडतो. भोक किंचित तिरके गेले तर सर्व मेहनत वाया जाते. पाते एका दिशेला आणि मूठ दुसऱ्या दिशेला अशी स्थिती होते. अनुभवी कारागीर उलट्या क्रमाने जातो. तो आधी चौकोनी तुकड्याला गिरमिटाने भोक पाडतो, मग तेच भोक यंत्राच्या मागच्या टोकदार आधारावर बसवून लाकूड फिरवतो. त्यामुळे भोक हाच फिरण्याचा मध्य ठरतो आणि मूठ त्याच्याभोवती आपोआप सरळ कातली जाते. चूक दुरुस्त करण्याऐवजी चूक होणारच नाही असा क्रम लावणे, हे या कृतीतले खरे कौशल्य आहे.

शेपूट निमुळते असेल तर भोकही पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते करावे लागते. समजा, शेपटीची जाडी टोकाशी ६ व मुळाशी १० मिलिमीटर आहे. अशा वेळी ६ मिलिमीटरचे भोक पूर्ण खोलीपर्यंत, ८ मिलिमीटरचे दोन-तृतीयांश आणि १० मिलिमीटरचे एक-तृतीयांश खोलीपर्यंत पाडावे. पूर्वी याच हेतूने शेपूट तापवून लाकडात जाळत बसवीत असत. त्यात एक धोका आहे. शेपटीची उष्णता धारेपर्यंत पोहोचली तर साध्या कार्बन पोलादाचे पाणी उतरते. २०० अंश सेल्सियसच्या पुढे त्याची कठीणता कमी होऊ लागते. म्हणून जाळून बसविणारे जुने कारागीर पात्याला ओले फडके गुंडाळीत.

यानंतर कडे. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडे बसवितात, त्याच न्यायाने मुठीच्या तोंडाशी पितळी किंवा लोखंडी नळीचा २० ते २५ मिलिमीटर लांबीचा तुकडा बसवितात. निमुळते शेपूट लाकडात शिरताना पाचरीसारखे काम करते आणि लाकूड फाडू पाहते. कडे लाकडाला चारी बाजूंनी आवळून धरते व ही फाट रोखते. कड्याविना मूठ ही काही दिवसांचीच सोबत. मान कड्याच्या आतल्या व्यासापेक्षा केसभर जाड कातावी आणि केवळ तोंडाशी किंचित निमुळती ठेवावी, म्हणजे कडे सरळ शिरते. ते हातोड्याने ठोकण्यापेक्षा यंत्राच्या दोन टोकांमध्ये दाबून बसविले तर वाकडे जात नाही.

शेवटी शेपूट मुठीत बसवायचे. येथे न्यूटनचा जडत्वाचा नियम कारागिराच्या मदतीला येतो. शेपूट हाताने जाईल तितके आत सारावे. मग मूठ वर व धार खाली राहील असे हत्यार अधांतरी धरून मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यावेत. हलकी मूठ खाली सरकते, जड पाते जडत्वामुळे जागीच राहू पाहते, आणि शेपूट आपोआप आत शिरते. धारेवर कधीही ठोका मारू नये. ती धार फुटते आणि पोलादाचा कण डोळ्यात उडू शकतो. खाली पाय किंवा दुसरी व्यक्ती नसावी, हे वेगळे सांगायला नको.

सांधा पक्का करण्यासाठी भारतीय परंपरेत लाख वापरली जात असे. तलवारीच्या मुठीही लाखेनेच बसवीत. लाख साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसला मऊ होते. त्यामुळे मूठ बदलायची झाल्यास थोडी ऊब देऊन पाते काढता येते. आजचे इपॉक्सी अधिक बळकट असले तरी सहज सुटत नाही. पाते झिजेपर्यंत मूठ बदलायची नसेल तर इपॉक्सी, आणि दुरुस्तीची सोय हवी असेल तर लाख, अशी निवड करता येते. लाखेच्या उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे आणि देशात झारखंड अग्रेसर आहे. रांचीजवळच्या नामकुम येथे १९२४ मध्ये लाख संशोधनासाठी स्थापन झालेली संस्था २०२२ पासून राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने कार्यरत आहे. खेळण्याचा रंग, मुठीचा सांधा आणि आदिवासी भागातील शेतकऱ्याचे उत्पन्न हे तिन्ही धागे अशा प्रकारे एकाच पदार्थात गुंफलेले आहेत.

पकड आणि अखेरचा हात

मुठीची जाडी हाताच्या मापाने ठरते. साधारणतः ३० ते ४० मिलिमीटर व्यासाची मूठ पकडीस सोयीची असते. फार बारीक मुठीवर बोटे तळव्यात रुततात व पकड आवळून धरावी लागते. फार जाड मुठीभोवती बोटे पोहोचत नाहीत. दोन्ही स्थितींत हात लवकर थकतो, आणि थकलेला हात हेच अपघाताचे मोठे कारण असते. कड्याच्या मागे किंचित फुगीर, मध्ये थोडी सडपातळ आणि टोकाशी पुन्हा गोलसर अशी मूठ हातात स्थिर राहते.

येथे एक सामाजिक प्रश्न उपस्थित होतो. कातकामात आता अनेक स्त्रियाही आहेत, पण तयार हत्यारांची मापे बहुधा पुरुषांच्या हाताची असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतकरी स्त्रियांसाठी सुधारित अवजारांवर काम केले आहे. शेतीच्या खुरप्याला लागू झालेला हा विचार कातकामाच्या पटाशीलाही लागू व्हायला हवा. स्त्रीच्या हातासाठी मूठ काही मिलिमीटर बारीक कातणे यात वेगळा खर्च नाही. प्रश्न केवळ माप घेण्याचा आहे.

मुठीला चकाकी देण्याचा मोह टाळावा. लाखेची जी झळाळी खेळण्यावर शोभते, ती घामेजल्या तळव्यात घसरते. पकडीच्या जागी काचकागदाने माफक घासून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. भोवती लाकडाचा भुसा असेल तर धोका अधिकच. फडकी उघडी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

लाखेलाही मुठीवर एक जागा आहे. बाकावर पडलेल्या हत्यारांची पाती ढलप्यांखाली झाकली जातात आणि दिसतात त्या केवळ मुठी. मुठीच्या मागच्या टोकाशी लाखेची वेगवेगळ्या रंगांची वलये काढली, तर कोणते हत्यार कोणते हे क्षणात ओळखता येते आणि धारेवर हात पडत नाही.

देखभाल

मूठ ही कायमची वस्तू नव्हे. दररोज काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : कडे फिरते का, पाते मुठीत हलते का आणि लाकडावर नवी भेग दिसते का. यांपैकी एकही दोष आढळल्यास ते हत्यार यंत्रावर लावू नये. भेगेवर तार किंवा चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेली जाते, परंतु तार भेग झाकते, थांबवत नाही. जुन्या कानशीपासून केलेली हत्यारे विशेष धोक्याची असतात. कानशीचे पोलाद कठीण पण ठिसूळ असल्याने झटक्यात तुटते. विनामुठीची कानस तर फिरत्या लाकडाजवळ नेऊच नये. ती मागे फेकली गेल्यास तिचे टोकदार शेपूट थेट तळव्यात घुसते.

कायद्याची मर्यादा

कामाच्या जागी सुरक्षितता हा श्रम कायद्यांचा गाभा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना संरक्षक कठडे घालण्याची तरतूद केली होती. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२०, ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या संहितेनुसार कारखान्याची व्याख्या विजेचा वापर असल्यास २० आणि नसल्यास ४० कामगारांपासून सुरू होते. घराच्या पडवीत एक मोटर लावून दोघे-तिघे जण काम करतात, ते कातकाम या व्याख्येत बसत नाही. तेथे निरीक्षक येत नाही आणि सुरक्षा अधिकारीही नसतो. जेथे कायदा पोहोचत नाही तेथे दोनच गोष्टी कारागिराचे रक्षण करतात : त्याचे प्रशिक्षण आणि त्याचे हत्यार. म्हणून असंघटित क्षेत्रातील सुरक्षिततेचा विचार चांगल्या हत्यारापासून सुरू करावा लागतो.

योजना आणि प्रशिक्षण

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना या दृष्टीने महत्त्वाची आहे. २०२३-२४ ते २०२७-२८ या पाच वर्षांसाठी १३,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. नोंदणीकृत कारागिराला प्रशिक्षणकाळात प्रतिदिन ५०० रुपये विद्यावेतन, अवजार संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. कातकामाच्या एका हत्यारात या १८ पैकी अनेक व्यवसाय एकत्र येतात. पाते लोहार घडवतो, मूठ सुतार किंवा अवजार संच बनविणारा कारागीर करतो आणि वापरतो खेळणी बनविणारा. गावातील हे व्यवसाय एकमेकांचे ग्राहक झाले, तर अवजारावर खर्च होणारा पैसा गावातच फिरेल.

अवजार संच देताना एक काळजी घेणे आवश्यक आहे. संचातील हत्यार सर्वांसाठी सारखे असते. हात मात्र सारखे नसतात. यावरचा उपाय साधा आहे. कारागिराला मूठ करण्याचे शिक्षण द्यावे, म्हणजे तो मिळालेले हत्यार आपल्या हाताजोगे करून घेईल. या योजनेतील पायाभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, ४० तासांचे आहे. त्यातील काही तास स्वतःची मूठ स्वतः करण्यासाठी राखून ठेवता येतील. लाकडाची पारख, भोक पाडणे, मध्य साधणे, कातणे, धातूचे कडे मापात बसविणे, घासणे आणि तेल देणे या सर्व क्रिया या एकाच वस्तूत येतात. शिकाऊ कारागिराची पहिली वस्तू विकायला न जाता त्याच्याच हातात राहते, आणि तिच्यातील दोष त्याला दररोज जाणवतात. यापेक्षा कठोर व प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे अनुभव घेण्याची कल्पना मांडली आहे. सुताराचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तरफ, जडत्व, आकुंचन आणि उष्णता हे विज्ञानाचे धडे कारागिराच्या पडवीत एका मुठीच्या आधारे शिकविता येतात. अर्थात फिरत्या यंत्राजवळ मुलांनी केवळ पाहावे. घासणे, तेल देणे आणि माप घेणे एवढेच त्यांच्या हाती सोपवावे.

समारोप

मित्रहो, प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने या विषयातून एक दृष्टी घेऊन जावी. एखाद्या तालुक्यात शंभर कारागिरांना मोटरी दिल्या गेल्या, अशी नोंद कागदावर पूर्ण दिसते. परंतु त्या मोटरीसमोर बसणाऱ्याच्या हातातील मूठ किती लांब आहे, कडे घट्ट आहे का, ती मूठ स्त्रीच्या हाताला बसते का, हे प्रश्न त्या नोंदीत नसतात. तंत्रज्ञान कारागिरापर्यंत पोहोचणे हा विकासाचा अर्धा भाग आहे. ते त्याच्या हाताला मानवणे हा उरलेला अर्धा. यंत्राला निधी लागतो, वीज लागते, कर्ज लागते. मुठीला बाभळीचा एक सरळ, वाळलेला तुकडा, नळीचा एक छोटा तुकडा आणि ती नीट बसविण्याचे ज्ञान पुरते. इतक्या अल्प खर्चात जो हात वाचतो, त्याच्यावर एक संपूर्ण कुटुंब आणि काही पिढ्यांची कला अवलंबून असते. उद्या एखाद्या हस्तकला केंद्राची पाहणी करण्याची वेळ आली, तर तयार वस्तूंच्या मांडणीबरोबरच बाकावरच्या हत्यारांच्या मुठीही अवश्य पाहाव्यात. त्या केंद्राची खरी स्थिती तेथे अधिक स्पष्टपणे कळते.